खेळ निवडण्याचे वय आणि मैदान सोडण्याचे वय

जून महिन्यात शाळांची दारे उघडतात. वह्या-पुस्तके, गणवेश, रिक्षाचे भाडे यांच्या हिशेबात गेल्या काही वर्षांत आणखी एका खर्चाची भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील खासगी शाळांत मूल चौथी-पाचवीत गेले की पालकांसमोर प्रश्न येतो : याला कोणत्या खेळात घालायचे? क्रिकेट, बॅडमिंटन, की स्केटिंग? एकदा उत्तर ठरले की त्या खेळाची अकादमी, त्या खेळाचे बूट, त्या खेळाचे उन्हाळी शिबिर आणि त्याच खेळाच्या स्पर्धा असा क्रम सुरू होतो. नऊ-दहा वर्षांचे मूल बाकीच्या खेळांचा निरोप घेते. त्या निरोपाची कोणी दखलही घेत नाही.

या प्रश्नाकडे केवळ आवडीनिवडीचा विषय म्हणून पाहता येणार नाही. मुलाच्या हाडांचा, मनाचा, घरच्या पैशाचा आणि शाळेच्या मैदानावर कोणाचा हक्क आहे, या साऱ्यांचा विचार त्यात येतो. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले मिशनच्या वा अन्य खासगी शाळांत शिकत आहेत. म्हणून या विषयाचा शांतपणे ऊहापोह करणे अगत्याचे आहे.

शहरातील चित्र

क्रीडासुविधांच्या दृष्टीने आपले शहर दरिद्री नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. गारखेडा परिसरात विभागीय क्रीडा संकुल आहे. शालेय क्रीडास्पर्धांची शिडी ठरलेली आहे : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत. राज्यस्तरापर्यंत वा त्यापुढे मजल मारणाऱ्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढे शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे.

या तरतुदी खेळाडूंच्या हिताच्या आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला आहे की खेळाकडे प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग म्हणून पाहिले जाऊ लागले. चौदा वर्षांखालील गटात निवड व्हायची तर दहाव्या वर्षीच सुरुवात हवी, असा हिशेब पालक मांडतात. अकादमी चालवणाऱ्यालाही वर्षभर फी भरणारा विद्यार्थी हवा असतो. चार महिने फुटबॉल आणि चार महिने धावणे असे करणारा विद्यार्थी त्याला परवडत नाही. शाळेला सूचना-फलकावर लावण्यासाठी पदके हवी असतात. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. मात्र तिघांच्या सोयीचा निर्णय मुलाच्या सोयीचा असतोच असे नाही.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

एकाच खेळाचा लवकर ध्यास घेण्याबाबत गेल्या दहा वर्षांत पाश्चात्त्य देशांत बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१६ साली या विषयावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. वयाच्या साधारण १५ ते १६ वर्षांपर्यंत एकाच खेळाची निवड लांबणीवर टाकावी, आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून सुट्टी घ्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्याने, तो खेळ बाजूला ठेवावा, असा सल्ला त्यात देण्यात आला. सुट्टी म्हणजे घरात बसून राहणे नव्हे. त्या काळात मुलाने दुसरे काही खेळावे, असा त्याचा अर्थ आहे.

२०१७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या २९ माध्यमिक शाळांमधील १५४४ खेळाडू-विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक खेळ खेळणाऱ्यांच्या तुलनेत एकाच खेळावर सर्वाधिक भर देणाऱ्या मुलांमध्ये कंबरेखालच्या अवयवांच्या इजांचा धोका सुमारे ८५ टक्क्यांनी अधिक आढळला. मध्यम भर देणाऱ्यांमध्ये तो सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होता. कारण समजण्यास कठीण नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा मऊ असते. एकच हालचाल दररोज शेकडो वेळा केली की ताण पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची पाठ, बॅडमिंटनपटूचा खांदा, सतत उड्या मारणाऱ्याचा गुडघा ही दुखण्याची ठरलेली ठिकाणे आहेत. खेळ बदलला की ताणाची जागा बदलते आणि थकलेल्या अवयवाला विसावा मिळतो.

सरावाच्या तासांविषयीही डॉक्टर एक सोपा आडाखा सांगतात : मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्यात संघटित सराव करू नये. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला अकरा तास. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आठवड्यातून सहा दिवस असा क्रम असेल, तर ते चोवीस तास होतात. पालकांनी आपल्या मुलाचे वेळापत्रक घेऊन ही बेरीज एकदा करून पाहावी.

याला उत्तर म्हणून अनेकदा ‘दहा हजार तासां’चा दाखला दिला जातो. दहा हजार तास साधना केल्याशिवाय कोणी मोठा होत नाही, असे सांगितले जाते. हा आकडा मुळात आला तो बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून. उत्तम वादकांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या रियाजाची ती सरासरी होती. २००८ साली एका लोकप्रिय इंग्रजी पुस्तकाने तो आकडा जगभर पोहोचवला आणि मैदानावरही त्याचा नियम झाला. व्हायोलिनच्या रियाजाचे माप धावपटूच्या पायाला लावणे शास्त्राला धरून नाही.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या प्रश्नाची अधिक खोल तपासणी केली. अर्ने ग्युलिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ अभ्यासांतील सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र केली. त्यात जागतिक दर्जाचे ७७२ खेळाडू होते. निष्कर्ष असा की कुमार गटात चमकणारे खेळाडू बहुधा लवकर सुरुवात केलेले व एकाच खेळात अधिक सराव केलेले असतात. प्रौढ गटात जागतिक शिखरावर पोहोचलेले खेळाडू मात्र, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, बालपणी अधिक खेळ खेळलेले, आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळलेले आणि सुरुवातीला संथ प्रगती केलेले आढळले. चौदाव्या वर्षीचे पदक आणि चोविसाव्या वर्षीचे पदक यांचे रस्ते वेगवेगळे असू शकतात, हे यावरून दिसते. आपल्या शाळांची सारी व्यवस्था पहिल्या पदकाकडे पाहून उभी आहे.

हे अभ्यास प्रामुख्याने परदेशांतील आहेत आणि अनेक खेळ खेळल्यानेच कोणी मोठा झाला, असे ते ठामपणे सिद्ध करत नाहीत. तरीही आपल्याच भूमीत त्यांना दुजोरा देणारी उदाहरणे आहेत.

आपल्या मातीतील उदाहरणे

अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे. लहानपणी काही किलोमीटरचे अंतर कापून ते शाळेत जात. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले. सियाचेनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट त्यांनी जवान म्हणून अनुभवले. २०१५ साली ते क्रॉस कंट्री शर्यतींत उतरले आणि ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळले ते २०१७ साली, म्हणजे वयाची बाविशी उलटल्यानंतर. पुढच्याच वर्षी त्यांनी ३७ वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी अशी त्यांची वाटचाल आहे. स्टीपलचेसची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. मराठवाड्यातील या तरुणाने आपला खेळ निवडला त्या वयात आपल्याकडची मुले खेळ सोडून कित्येक वर्षे लोटलेली असतात.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे. २००९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, वडिलांनी त्यांना राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे सुमारे वर्षभर सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षण झाल्यावर एक खेळ निवडायचा होता. त्यांनी नेमबाजी निवडली. २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी ७२ वर्षे जावी लागली होती.

क्रीडा प्रबोधिनीसारख्या शासकीय योजनांत लहान मुलांची निवड करताना ज्या चाचण्या घेतल्या जातात, त्याही पाहण्यासारख्या आहेत. उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, उभी उडी, पुढे वाकून लवचिकता, मेडिसिन बॉलची फेक आणि दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्या असे त्यांचे स्वरूप असते. त्यांत बॅट नाही, रॅकेट नाही, चेंडूचा कोणता विशिष्ट खेळ नाही. आधी शरीराची सर्वांगीण तयारी पाहायची आणि मग खेळ ठरवायचा, हा विचार त्यामागे आहे. खासगी शाळा आणि अकादम्या याच्या नेमके उलट करतात : आधी खेळ ठरवतात आणि मग त्यात शरीर बसवतात.

तिसरे उदाहरण आपल्या ख्रिस्ती समाजातील पेस कुटुंबाचे. गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे सदस्य होते. ते फुटबॉल, क्रिकेट आणि रग्बीही खेळले आणि पुढे भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी जेनिफर भारताकडून बास्केटबॉल खेळल्या. त्यांचे पुत्र लिएंडर लहानपणी फुटबॉलमध्ये रमले होते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते चेन्नईच्या टेनिस अकादमीत गेले आणि १९९६ साली अटलांटा येथे त्यांनी ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये डॉ. पेस यांचे निधन झाले. क्रीडावैद्यक हा त्यांचा व्यवसाय होता. ज्या घरात हॉकी, बास्केटबॉल, फुटबॉल आणि टेनिस एकत्र नांदले, त्या घराच्या प्रमुखाला शरीराचे शास्त्रही ठाऊक होते.

दुसरी बाजू

एकाच खेळाचा मार्ग सर्वस्वी चुकीचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बुद्धिबळात लवकर सुरुवात करावीच लागते. २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास पटाजवळ बसली होती. जिम्नॅस्टिक्समध्येही लवचिकता कोवळ्या वयातच कमवावी लागते. पण तेथेही अतिरेकाला आवर घालण्याची वेळ आली. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने १९९७ पासून वरिष्ठ महिला स्पर्धांसाठी किमान वय सोळा वर्षे केले. अपवाद असलेल्या खेळातही लहान मुलींना जपण्यासाठी नियम करावा लागला, हे लक्षात घेतले पाहिजे.

क्रिकेटचा विषय निघाला की सचिन तेंडुलकरांचे नाव येते. वयाच्या अकराव्या वर्षी ते रमाकांत आचरेकरांकडे गेले, शाळाही बदलली आणि पुढचा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रमकडून खेळताना त्यांनी आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या डावात कांबळींच्या नाबाद ३४९ धावा होत्या आणि तेंडुलकरांच्या नाबाद ३२६. एकच शाळा, एकच गुरू, एकच खेळपट्टी. पुढे एकाने २०० कसोटी सामने खेळले, तर दुसऱ्याची कसोटी कारकीर्द १७ सामन्यांनंतर १९९५ मध्येच थांबली. दोघेही असामान्य गुणवत्तेचे. लवकर सुरुवात, कठोर साधना आणि उत्तम गुरू इतके सारे जुळून आले तरीही पुढचे आयुष्य कोणाच्या हातात नसते, हे या दोन नावांवरून कळते. त्या काळी मुंबईच्या मैदानांवर असाच ध्यास घेतलेली शेकडो मुले होती. त्यांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. एका यशस्वी नावाकडे बोट दाखवून दहा वर्षांच्या मुलाचे सर्व खेळ बंद करणे हा हिशेब म्हणूनच अपुरा आहे.

दहावीची भिंत

आपल्याकडील परिस्थितीत आणखी एक विसंगती आहे आणि तीच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. एका खेळाची निवड पंधरा-सोळाव्या वर्षी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या शहरात पंधरावे वर्ष म्हणजे दहावीचे वर्ष. नववीच्या मध्यापासून शिकवणी सुरू होते, मैदान बंद होते आणि बूट माळ्यावर जातात. दहावीनंतर अकरावी-बारावीची स्पर्धा परीक्षांची तयारी येते. म्हणजे जे मूल नवव्या वर्षी एका खेळाला जुंपले गेले, ते पंधराव्या वर्षी खेळातून निवृत्त होते. ज्या वयात शरीर एका खेळासाठी तयार होऊ लागते, त्याच वयात आपण त्याला मैदानाबाहेर काढतो.

या सहा वर्षांत त्याच्या हाती काय उरते? काही प्रमाणपत्रे, क्वचित एखादे पदक आणि पुष्कळदा दुखरा गुडघा. दुसरा कोणताही खेळ त्याला येत नाही, म्हणून मोठेपणी तो कोणताच खेळ खेळत नाही. ज्याने बालपणी धावणे, पोहणे, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांची थोडी थोडी ओळख करून घेतली, त्याला चाळिशीतही एखादा खेळ सोबत करतो. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आलेल्या या काळात ही लहान गोष्ट नाही.

मुलींच्या बाबतीत ही भिंत आणखी अलीकडे येते. सातवी-आठवीत, वयात येण्याच्या सुमारास, अनेक मुलींचा खेळ सुटतो. घरची काळजी, कपड्यांविषयीचा संकोच, उशिरा घरी येण्याची भीती आणि शाळेत महिला क्रीडाशिक्षिका नसणे ही त्याची कारणे. तिचा एकमेव खेळ शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अकादमीत असेल, तर तो प्रथम सुटतो. शाळेच्याच मैदानावर, मैत्रिणींसह, तीन-चार खेळ उपलब्ध असतील, तर त्यांतला एखादा तरी टिकण्याची शक्यता वाढते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाने विजेतेपद मिळवले. त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. ज्या खेळाला दोन खांब आणि एक मोकळी जागा पुरते, तो खेळ आपल्या शाळांतून मागे पडावा, हे खेदजनक आहे.

मैदान कोणाचे?

या विषयाला न्यायाची एक बाजू आहे. एकाच खेळाचा ध्यास हा पैशाने विकत घ्यावा लागतो. अकादमीची फी, साहित्य, प्रवास, शिबिरे, बाहेरगावच्या स्पर्धा हा खर्च वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या बापाला झेपणारा नाही. त्याच्या मुलासाठी शाळेचे मैदान हीच एकमेव अकादमी आहे. त्या मैदानाचा मोठा भाग एका खेळाच्या जाळ्यांनी वेढला गेला आणि संध्याकाळी फी भरणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला, तर या मुलाने कोठे खेळावे? संघात निवडलेली पंधरा मुले सराव करतात आणि उरलेली शेकडो मुले कुंपणाशी उभी राहून पाहतात, असे चित्र असेल, तर त्या शाळेत खेळ आहे असे म्हणता येणार नाही.

कायद्यानेही मैदानाला शाळेचे अंग मानले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक ठरवले आहे. २०१८ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचे केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळाला अभ्यासक्रमाशी जोडण्याचा आग्रह धरला. हे सारे सर्व मुलांसाठी आहे, केवळ निवडक खेळाडूंसाठी नाही. वेळापत्रकातील पी.टी.चा तास गणिताला देण्याची प्रथा जोवर चालू आहे, तोवर कागदावरील तरतुदी कागदावरच राहतील.

मिशन शाळा आणि बोर्डिंग यांची परंपरा या बाबतीत आठवण्याजोगी आहे. संध्याकाळची घंटा झाली की सर्व मुलांनी मैदानात उतरायचे, हा बोर्डिंगचा शिरस्ता. कधी फुटबॉल, कधी व्हॉलीबॉल, पावसात कबड्डी. कोणी निवडले जात नसे, कोणी वगळले जात नसे. त्या मैदानातून सारेच खेळाडू घडले नाहीत, पण तेथे खेळणे हे प्रत्येकाच्या दिनक्रमाचे अंग होते. आजच्या खासगी शाळेला ती साधी व्यवस्था जुनाट वाटत असली, तरी वर उल्लेखलेल्या संशोधनाशी ती अधिक जुळते.

ख्रिस्तसभेची दृष्टी

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटू आणि मुष्टियोद्धा या दोघांच्या उपमा लागोपाठ योजल्या आहेत. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत, त्यामुळे वाचकांना त्या सहज उमगत. त्या ग्रीक महोत्सवांत एकाच खेळाडूने धावणे, उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती असे पाच प्रकार खेळण्याची स्पर्धाही असे. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात एक शरीर आणि अनेक अवयव ही उपमा येते. तिचा विषय ख्रिस्तसभा हा आहे. तरीही मुलाच्या एकाच खांद्यावर वा गुडघ्यावर सारा भार टाकताना ती आठवावी, इतकी ती समर्पक आहे.

१ जून २०१८ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत, व्हॅटिकनने क्रीडेविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळणारी व्यक्ती हे साधन नव्हे, तिची प्रतिष्ठा पदकाहून मोठी आहे, हा त्याचा गाभा आहे. मुलाच्या शरीराकडे यशाचे यंत्र म्हणून पाहण्याच्या वृत्तीविरुद्ध त्याने सावध केले आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी फुटबॉलचे गोलरक्षक होते, पोहत होते, डोंगरात भटकत होते, बर्फावर स्कीइंग करत होते. त्यांनी खेळात कधी कारकीर्द केली नाही. पण खेळाने त्यांच्या आयुष्याला जे दिले, ते त्यांनी पुढे अनेकदा आनंदाने सांगितले.

रविवारचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. अनेक स्पर्धा आणि विशेष सराव रविवारी सकाळी असतात. मिस्सा, धर्मशिक्षण आणि कुटुंबाने एकत्र बसून घेतलेले जेवण या तिन्हींवर त्याने पाणी पडते. डॉक्टर आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती सांगतात आणि आपली परंपरा सातवा दिवस राखून ठेवते. दोघांचे म्हणणे एकच असताना प्रशिक्षकाला नम्रपणे पण ठामपणे ‘रविवारी नाही’ असे सांगण्यास पालकांनी कचरू नये.

काय करता येईल?

शाळांना एक सोपी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत ऋतूंप्रमाणे खेळ बदलतात. आपल्याकडे तशी औपचारिक पद्धत नसली, तरी गल्लीतल्या मुलांनी ती नेहमीच पाळली आहे : संक्रांतीला पतंग, सुट्टीत विटीदांडू, गोट्यांचे दिवस वेगळे, भोवऱ्याचे वेगळे. शाळेनेही वर्षाचे तीन भाग करावेत. जून ते सप्टेंबर जमीन मऊ असताना फुटबॉल, कबड्डी, खो-खो. ऑक्टोबर ते डिसेंबर मैदानी शर्यती, उड्या, फेकी. जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत क्रिकेट, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीने तिन्ही सत्रांत भाग घ्यावा. शाळेचा संघ निवडायचा असेल तर जरूर निवडावा, पण संघाबाहेरच्या मुलांचा तास त्यासाठी हिरावून घेऊ नये.

नववीपासून पुढे ज्याला खरोखर एका खेळात उतरायचे आहे, त्याला शाळेने मोकळीक आणि आधार द्यावा. परीक्षेच्या काळात वेळेची सवलत, बुडालेल्या तासांचे पुन्हा अध्यापन, क्रीडा प्राधिकरणाच्या व शासनाच्या निवड चाचण्यांची वेळेवर माहिती इतके जरी केले, तरी दहावीची भिंत थोडी खाली येईल.

पालकांनी अकादमीत नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आठवड्याचे तास किती? वर्षात किती महिने सुट्टी? मुलाने मध्येच दुसरा खेळ खेळायचे म्हटले, तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला प्रशिक्षकाने कपाळाला आठी घातली, तर पालकांनी तेथेच थांबून विचार करावा. आणि एक प्रश्न मुलालाही विचारावा : तुला उद्या पुन्हा खेळायला जावेसे वाटते का? त्याचे उत्तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक खरे असते.

धर्मग्रामांच्या पातळीवरही काही करणे शक्य आहे. चर्चच्या आवारातील मोकळी जागा मोटारींसाठीच असते असे नाही. युवक संघटनांनी एका क्रिकेट स्पर्धेवर सारा निधी खर्च न करता रिले शर्यत, खो-खो, दोरीवरच्या उड्या, रस्सीखेच असा एक दिवस भरवावा, ज्यात आठ वर्षांच्या मुलीपासून साठ वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्वांना काही ना काही खेळता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही.

मुलाने एक खेळ निवडू नये, असे कोणी म्हणत नाही. निवड त्याने करावी, उशिरा करावी आणि अनेक खेळ खेळून झाल्यावर करावी, एवढेच म्हणणे आहे. तोवर मैदान सर्वांसाठी उघडे ठेवणे ही शाळेची, पालकांची आणि आपणा सर्वांची जबाबदारी आहे. ज्या शाळांच्या दारावर आपल्या संतांची नावे कोरलेली आहेत, त्या शाळांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.